कंपनीने काढलं, आता वर्कशॉप, पॅनल की परदेश?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "चाकणला एका व्हेंडर कंपनीत ९ वर्षं ४ महिने वेल्डर-फॅब्रिकेटर आहे. ऑर्डरी घटल्या म्हणून आमच्या शॉपमधल्या ३१ जणांना काढताहेत. एचआर म्हणतं, राजीनामा लिहून द्या, हिशोब लगेच करू. बेसिक आणि डीए मिळून १४,२००, एकूण पगार २१,८००. शिक्षण नववी, पुढे आयटीआयचा वेल्डर ट्रेड. प्रवर्ग ओबीसी. गाव संगमेश्वर तालुक्यात. गावी वर्कशॉप टाकायचं म्हटलं तर एक जण दहा लाखांची पीएमईजीपीची (सरकारी कर्ज-अनुदान योजनेची) फाइल करून देतो म्हणतो, ३५ टक्के माफ. गावचे पुढारी म्हणतात, ग्रामपंचायतीला पॅनलमधून उभा राहा, पंचायतीच्या ग्रिल-शेडची कामं तुलाच. मुंबईचा एजंट १ लाख २० हजारांत कतारला पाठवतो, आधी व्हिजिट व्हिसावर. शिल्लक ८० हजार. बायको शिवणकाम करते, दोन मुलं, वडील गावी. काय करू?"

नमस्कार.

राजीनामा लिहून देऊ नका. वर्कशॉप, पॅनल, कतार या तिन्हींचा विचार त्यानंतर.

काम कमी झालं म्हणून मालकाने काढलं तर ती कामगार कपात होते. वर्षभर सलग, म्हणजे किमान २४० दिवस काम केलेल्या कामगाराला त्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई. महिना ३० दिवसांचा आणि एकूण पगार धरला तर तुमचे १५ दिवसांचे होतात १०,९००, नऊ वर्षांचे ९८,१००. नोटीस पगाराचे २१,८००. राजीनामा दिलात की हे दोन्ही आकडे गेले, कारण मग तुम्ही "स्वखुशीने" सोडून गेलेले असता. एकूण १,१९,९००. एजंट मागतोय तेवढेच, शंभर रुपये कमी.

ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी बुडत नाही, पाच वर्षं झालेली आहेत. हिशोब असा: १४,२०० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ९. येतात ७३,७३० रुपये. वरचे चार महिने धरले जात नाहीत. सहा महिन्यांच्या वर असते तर पूर्ण वर्ष धरलं असतं. ही रक्कम ३० दिवसांत मिळायला हवी. नाही मिळाली तर लेखी अर्ज करा, पोच घ्या, आणि सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा.

एचआर दमदाटी करेल, "सही नाही तर पीएफही अडकवू" म्हणेल. पीएफ कंपनीच्या हातात नसतो. यूएएन (पीएफचा तुमचा कायम क्रमांक) चालू असेल, आधार आणि बँक खातं जोडलेलं असेल, तर दावा तुम्ही स्वतः ऑनलाइन करता. फक्त कंपनीने सोडल्याची तारीख टाकली आहे का ते पाहून घ्या. आणखी एक गोष्ट तपासा: तुमच्याच कामावर तुमच्यानंतर लागलेली मुलं ठेवून तुम्हाला काढलंय का? कपातीत साधारण नियम शेवटी आला तो आधी जातो असा आहे. तो मोडायचा तर कंपनीला कारण लेखी द्यावं लागतं. एकट्याने विचारलं तर उडवून लावतील. ३१ जणांच्या सह्यांचा एक अर्ज, सोबत प्रत्येकाची रुजू तारीख आणि शेवटची पगार स्लिप, असं घेऊन कामगार कार्यालयात गेलात तर गोष्ट वेगळी. राजकारण करायची हौस असेल तर सध्या ती इथे भागवा.

पीएफमधल्या पेन्शनचं नीट ऐका. ईपीएसची पेन्शन मिळायला दहा वर्षं सेवा लागते आणि सहा महिने किंवा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे साडेनऊ वर्षं भरली की काम झालं. तुमची ९ वर्षं ४ महिने झाली. दोन महिने कमी! सगळेजण काय करतात, पीएफसोबत फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसेही काढून मोकळे होतात. तुम्ही तोच फॉर्म भरा, पण पैशाऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागा. पुढे कुठेही, रत्नागिरीला असो की लोटे एमआयडीसीत, पीएफ कापणाऱ्या ठिकाणी दोन-तीन महिने काम केलंत आणि हे सर्टिफिकेट जोडलंत की ५८ व्या वर्षापासून पेन्शनला पात्र. रक्कम मोठी नसेल, पण तहहयात असते आणि मागे बायकोला मिळते.

आता वर्कशॉप. तिन्हींत हेच तुमच्या हातातलं आहे, पण दहा लाखांनी सुरू करायचं नाही.

ग्रिल, गेट, जिन्याचं रेलिंग, पत्र्याची शेड एवढ्याला काय लागतं? २०० ते २५० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, १४ इंची कटऑफ मशीन, ४ इंची ग्राइंडर दोन (एकाला कटिंग व्हील, एकाला ग्राइंडिंग, म्हणजे सारखं बदलत बसायला नको), १३ एमएमचं ड्रिल, व्हाइस, क्लॅम्प, गुण्या, काच, हातमोजे. चांगल्या मालात ५० ते ६० हजारांत बसतं. फाइल करून देणाऱ्याच्या दहा लाखांत बेंडिंग मशीन आणि शिअरिंग मशीन असणार. तालुक्यात तुमच्याकडे रोज पत्रा वाकवायला कोण येणार आहे? ते काम लागेल तेव्हा बाहेरून करून आणा.

भाव काढण्यात नवे लोक हमखास मार खातात. कंपनीत तुम्ही काम केलं, कोटेशन दुसऱ्याने दिलं. उदाहरणादाखल १०० किलोचं एक गेट घेऊ आणि लोखंड ६५ रुपये किलो धरू. कापताना तुकडे वाया जातात, म्हणून १०८ किलो आणावं लागतं: ७,०२०. रॉड, व्हील, रेड ऑक्साइड, रंग, थिनर: १,३००. बिजागऱ्या, कडी, लॉक: ७००. मदतनीस दोन दिवस: १,४००. वीज २००. टेम्पो, माल आणायला आणि गेट पोचवायला: १,०००. झाले ११,६२०. गावात कुणीतरी १३० रुपये किलोने देतो म्हणून तुम्हीही १३० लावलेत, तर हातात १३,०००. उरले १,३८०. यात तुमची दोन-अडीच दिवसांची मजुरी, जागेचं भाडं आणि झिजणारी हत्यारं. कंपनीतला रोजही सुटत नाही. तेच १६० ने दिलंत तर ४,३८० उरतात.

मग गिऱ्हाईक १३० वाल्याकडे जाईल, असं म्हणाल. काही जातीलच. पण तो १३० ला कसा देतो ते बघा. ४० बाय ४० चा पाइप २ एमएम म्हणून सांगतो आणि १.६ चा लावतो, वजन मात्र काट्यावर न घालता २ एमएमचंच धरतो. २ एमएमची सहा मीटरची लांबी भरते साधारण १४.३ किलो, १.६ ची ११.६. नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तुम्ही कोटेशनवर पाइपची जाडी, अंदाजे वजन, प्रायमरचे किती हात, रंगाचे किती हात हे लिहून द्या आणि गिऱ्हाइकासमोर व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावा. गेट त्याच्यासमोर काट्यावर चढवा. वजनावर भाव असेल तर १.६ चा पाइप लावून तुमचं नुकसानच होतं, हे त्याच्याही लक्षात येतं. खरी फसवणूक चौरस फुटाच्या भावात होते.

कोकणात काही गोष्टी घाटावरच्यासारख्या चालत नाहीत. जांभ्याच्या भिंतीत अँकर फास्टनर मारलात तर वर्षभरात ढिला होतो, दगड सच्छिद्र आहे. ग्रिलला लोखंडी पट्ट्या वेल्ड करा, भिंतीत खाच घेऊन काँक्रीटमध्ये बसवा. जीआय (जस्त चढवलेला) पाइप वेल्ड केला की जोडावरचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच धरतो. त्या जागी झिंकयुक्त प्रायमर लागतो, नुसता सिल्व्हर रंग नाही. जीआय वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी-ताप येतो. काम उघड्यावर करा, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूला उभे राहा, म्हणजे धूर तोंडावर येणार नाही. पत्र्याचे स्क्रू लाटेच्या वरच्या भागात, रबर वॉशरसह. खाली पन्हळीत मारले की पहिल्याच पावसात गळती आणि गणपतीला आलेल्या सगळ्या चाकरमान्यांसमोर तुमच्या कामाची चर्चा.

धंद्याचं वर्ष मार्च ते मे. पावसाआधी शेड हवी म्हणून सगळे एकदम येतात. जून ते ऑगस्ट जवळपास रिकामे. म्हणून मे महिन्यातली कमाई बघून हप्ता ठरवू नका. चार लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिना सुमारे ८,७०० येतो, आणि तो जुलैतही येतो.

पैशाचं एकच सांगतो: माप घेतल्यावर ५० टक्के ॲडव्हान्स, गेट दारात आलं की ४०, बसवल्यावर १०. ॲडव्हान्सशिवाय लोखंड उचलायचं नाही, सख्ख्या मामाचं काम असलं तरी. लोखंडाचा भाव हलतो, म्हणून कोटेशनवर "७ दिवस वैध" लिहा. कुठल्या कंपनीचं किंवा कंत्राटदाराचं काम घेतलंत तर उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी करून घ्या. ती पूर्ण मोफत आहे, पाचशे-हजार घेणाऱ्यांकडे जाऊ नका. नोंदणी असली की एमएसएमई कायद्याने तुमचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. नाही दिलं तर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार. जॉबवर्क (दुसऱ्याच्या मालावर फक्त मजुरीचं काम) ही जीएसटीत सेवा आहे, त्यामुळे वर्षाला २० लाखांची उलाढाल होईपर्यंत नोंदणी सक्तीची नाही.

विजेत घाई करू नका. घरच्या मीटरवर वेल्डिंग मशीन चालवलं तर तो वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो. आकारणी लागू दराच्या दुप्पट, आणि कधीपासून ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. तक्रार बहुतेक वेळा शेजारचा करतो, आवाजाला कंटाळून. महावितरणकडे औद्योगिक जोडणीचा अर्ज आधी टाका.

आणि ती "३५ टक्के माफ" फाइल. पीएमईजीपीत ग्रामीण भागातल्या ओबीसी अर्जदाराला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा ५ टक्के, हे खरं आहे. पण ५ लाखांचा प्रकल्प असेल तर तुमचे २५ हजार, बँक ४ लाख ७५ हजार कर्ज देते, आणि अनुदानाचे १ लाख ७५ हजार तुमच्या हातात न येता तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकतात. तीन वर्षांनी युनिट चालू दिसलं तरच ते कर्जात वळते होतात. मधे बंद पडलं की अनुदान परत जातं, कर्ज तुमच्या बोकांडी. तुम्ही आठवी पास असल्यामुळे उत्पादनात दहा लाखांवरचा प्रकल्पही करू शकता, पण म्हणून करायचा नसतो. अर्ज पोर्टलवर स्वतः भरता येतो, अडलं तर रत्नागिरीच्या जिल्हा उद्योग केंद्रात जा. टक्केवारी मागणारा मध्यस्थ मशीनची फुगवलेली कोटेशनं जोडतो, आणि ती पुढे तुम्हालाच फेडायची असतात.

एक पेच आहे. ही योजना फक्त नव्या युनिटला मिळते. आधीच उद्यम नोंदणी करून बिलं फाडायला लागलात तर तुम्ही जुने युनिट ठरू शकता. म्हणून पहिले तीन महिने दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये, त्याच्या जोडणीवर, मजुरीने कामं करा. आठवड्याला किती कामं येतात, किलोमागे किती सुटतात ते वहीत लिहा. मग ठरवा कर्ज किती हवं. माझा अंदाज, तीन-चार लाखांच्या वर तुम्हाला लागणार नाही, आणि कदाचित हातातल्या पैशातच भागेल. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही (शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत), पण त्यात अनुदानही नाही.

पॅनलबद्दल. पुढाऱ्यांनी तुम्हाला निम्मीच गोष्ट सांगितली. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार सदस्याचा पंचायतीच्या कुठल्याही कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर तो अपात्र ठरतो. "भागीदारामार्फत" हेही त्यात आलं. म्हणजे निवडून आलात आणि पंचायतीचं ग्रिल तुम्ही केलंत की विरोधी पॅनलवाला तुमचंच बिल घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार. निवडून न येता मात्र ते काम तुम्ही उघडपणे कोटेशन भरून घेऊ शकता. ज्या कामाचं आमिष दाखवून उभं करताहेत, तेच काम उभं राहिल्याने बंद होतं.

शिवाय पोटापाण्याला त्यात काही नाही. सदस्याला बैठकभत्ता. सरपंचाचं मानधन २०२४ मध्ये दुप्पट झालं, तरी २,००० लोकवस्तीपर्यंतच्या गावात ते महिना ६,००० आहे. राखीव जागेवर उभं राहायला नुसता जातीचा दाखला चालत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. हरलेले उमेदवार नेमके इथेच अडकतात. आणि धंदा नवा असताना पॅनलचा शिक्का बसला की निम्मं गाव गेट दुसऱ्याकडून करून घेतं. पुढाऱ्यांना तोंडावर नाही म्हणायची गरज नाही. "या वेळी धंदा बघतो, ग्रामसभेला येईन" एवढं पुरे. ग्रामसभेला खरंच जा. कोणतं काम आराखड्यात आहे ते तिथेच कळतं.

कतारचं मी मोडीत काढत नाही. वेल्डरला बाहेर मागणी असते, पण तुम्हाला मिळतोय तो रस्ता चुकीचा आहे.

दहावी नसल्यामुळे आणि आयटीआयचा वेल्डर ट्रेड एकाच वर्षाचा असल्यामुळे तुमचा पासपोर्ट ईसीआर (उत्प्रवास तपासणी आवश्यक) प्रकारचा असणार. अशा पासपोर्टवर कतार, सौदी, ओमान, यूएई, कुवेत अशा १८ देशांत कामाला जायचं तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून उत्प्रवास मंजुरी, म्हणजे कामासाठी देश सोडायची परवानगी, लागते. ती कामाच्या व्हिसावर आणि करारावर मिळते. एजंट व्हिजिट व्हिसा म्हणतो तो ही मंजुरी चुकवण्यासाठीच. तसं गेलात तर हातात करार नाही, पगार बुडाला तर दाद मागायला कागद नाही आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमाही नाही. हा विमा ईसीआरवाल्यांना सक्तीचा आहे: हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख.

नोंदणीकृत एजंट कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेऊ शकतो, तेही पावती देऊन. तुमचा एजंट मागतो १ लाख २० हजार. हे पैसे गावातून महिना ३ टक्क्यांनी उचललेत तर नुसतं व्याज महिन्याला ३,६००. त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि ई-मायग्रेटवर स्वतः तपासा. क्रमांक दुसऱ्याच कंपनीचा निघाला आणि "मी त्यांचाच माणूस" असं उत्तर आलं, तर तो सब-एजंट आहे. सब-एजंट कायद्याला मान्य नाहीत. शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत क्रमांक १८००-११-३०९० आहे.

सरळ मार्गाने कतारला जायचं झालं तर मुंबईतल्या कतार व्हिसा सेंटरमध्ये वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे आणि कराराची सही इथेच होते. करार आपल्याला कळेल त्या भाषेत समजून घेऊनच सही करा. २०२१ पासून तिथे किमान मूळ वेतन १,००० रियाल आहे. राहण्याची सोय मालकाने केली नाही तर वर ५००, जेवण दिलं नाही तर ३००. एजंटाने सांगितलेल्या आकड्यात ओव्हरटाइम मिसळलेला असतो, म्हणून फक्त मूळ वेतन विचारा. सौदीला जायचं असेल तर वेल्डरला जाण्याआधी कौशल्य चाचणी द्यावी लागते. छातीच्या एक्स-रेत जुन्या टीबीचा डाग निघाला तर तिथे मेडिकल फेल होतं. म्हणून एजंटाला पैसे देण्याआधी स्वतःचा एक एक्स-रे काढून घ्या, काही शे रुपयांत काम होतं.

आणि तुम्ही ग्रिल वेल्डर म्हणून गेलात तर सगळ्यांत खालच्या पगारावर जाल. पाइपवर ६जी (तिरक्या, न फिरणाऱ्या पाइपच्या जोडाची) चाचणी पास असलेल्या माणसाचा पगार वेगळाच असतो. कंपनीत मिग केलंच आहे, आता टिग (वेल्डिंगची दुसरी, जास्त बारकाईची पद्धत) आणि पाइपचं काम एखाद्या चांगल्या संस्थेत शिका. रूट पास (जोडातला तळाचा पहिला थर) सारखा पडायला लागला की चाचणी द्या. त्यासाठी ग्रॅच्युइटीतले वीस-पंचवीस हजार गेले तरी चालतील. वर्कशॉप चाललं तरी हे कौशल्य वाया जात नाही, लोटे-रत्नागिरीच्या प्लांटमध्ये शटडाउनच्या (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हाच्या) कामांना असेच वेल्डर शोधतात. त्यातलं एखादं काम पीएफ कापून मिळालं तर ते पेन्शनचे दोन महिनेही भरून निघतील.

एजंट मूळ पासपोर्ट "प्रोसेससाठी" मागेल. ऑफर लेटर, मालकाचं नाव आणि व्हिसाची प्रत हातात पडेपर्यंत झेरॉक्सच द्या. आणि सोमवारी एचआरकडे जाल तेव्हा खिशात पेन नेऊ नका.